आतली गोळी मोकळी हवी

मे महिन्यात ताई सुट्टीसाठी वडोदऱ्याला माहेरी आली, तेव्हा भाच्याच्या सामानात सर्वांत जपून आणलेली वस्तू होती मिठाईचा एक रिकामा डबा. आल्या आल्या त्याने तो माझ्यासमोर उघडला. आत प्लास्टिकच्या रंगीत ‘बिया’ होत्या. प्रत्येक साधारण इंचभर लांब, दोन्ही टोकांना गोल, आणि पोटावर काढलेला एखादा चेहरा: चाचा, पोलीस, भूत, शेफ, अंतराळवीर. एक उचलून त्याने तळहातावर ठेवली आणि हात जरा तिरका केला. बी उठली, डोक्यावर उभी राहिली, पलीकडे पडली, पुन्हा उठली. टक्, टक्, टक्. कोलांट्या मारत ती मनगटापर्यंत आली.

“मामा, हिच्यात सेल नाहीये,” तो म्हणाला. “तरी चालते.”

त्याच्याकडे चोवीस चित्रांचा एक तक्ता होता. वीस चित्रांवर बरोबरची खूण, चार रिकामी. पाकीट तीस रुपयांचं, बंद, आत कोणती बी आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. डब्यात एकूण एक्केचाळीस बिया होत्या, त्यातल्या वेगवेगळ्या वीसच. पाच तर नुसते पोलीस. ताईने निघतानाच सांगितलं होतं की आता एकही पाकीट मिळणार नाही. इकडे आईने, म्हणजे त्याच्या आजीने, पहिल्याच संध्याकाळी कबूल केलं, “चारच तर राहिलीत. मी पुरी करून देते.” त्यावरून जेवताना माय-लेकींमध्ये जे व्हायचं ते झालं. भाचा मान खाली घालून वरणभात कालवत बसला. मी अभियांत्रिकी शिकलेला आणि संगणकावर पोट भरणारा, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. निवाडा करायला मला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत मला त्या बियांनी बरंच शिकवलं.

बी आली कुठून?

आमच्या पिढीने वेफर्सच्या पाकिटातले टॅझो जमवले, त्याआधीच्या पिढीने काडेपेटीचे छाप आणि पोस्टाची तिकिटं. या बियांची सर्वांत गाजलेली जात म्हणजे ‘मायटी बीन्झ’. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या ‘मूस टॉइज’ या कंपनीने त्या काढल्या. मॅनी स्टुल यांनी २००० साली ही तेव्हा लहान असलेली कंपनी घेतली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मलेला आणि तान्हेपणीच आईवडिलांबरोबर ऑस्ट्रेलियात पोचलेला हा माणूस. मायटी बीन्झ हे त्यांच्या हाताखालच्या कंपनीचं पहिलं मोठं यश. पुढे याच कंपनीने ‘शॉपकिन्स’ नावाच्या चिमुकल्या वस्तू जगभर खपवल्या, आणि २०१६ साली स्टुल यांना जागतिक उद्योजकाचा पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये मायटी बीन्झ नव्याने बाजारात आल्या.

भाच्याच्या डब्यातल्या बिया त्या कंपनीच्या नव्हत्या. त्यांच्या पाकिटावर बनवणाऱ्याचं धड नावही नव्हतं. पण कल्पना तीच: प्लास्टिकचं लांबट कवच, आत धातूची मोकळी गोळी, बाहेर चेहरा, आणि पुढच्या पाकिटात काय निघेल याची उत्सुकता.

ही ‘बी’ म्हणण्याची रीत मात्र या खेळण्यांहून पुष्कळ जुनी, आणि ती मेक्सिकोतून आली. तिथल्या सोनोरा राज्यात आलामोस गावाच्या परिसरात एक झुडूप वाढतं. त्याच्या फळाचा एकेक कप्पा सुकून गळतो आणि जमिनीवर पडल्या पडल्या हलतो, टुणकन उडतो. आत भूतबित काही नसतं, एका पतंगाची अळी असते. फूल असतानाच पतंगाने अंडं घातलेलं असतं. अळी आतला गर खाऊन घर पोकळ करते आणि ऊन लागलं की अंगाला झटका देऊन घरासकट सरकते. सावली मिळाली नाही तर तापून मरण्याची भीती असते. तिला बाहेरचं काही दिसत नाही, म्हणून ती कुठल्याही दिशेने उडत राहते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात या उड्या मोजल्या गेल्या. त्या खरोखरच दिशाहीन असतात, आणि सावली कुठे आहे हेच माहीत नसताना तसं भटकत राहिल्याने आज ना उद्या ती सापडतेच, असं त्यातून दिसलं. या कप्प्यांना तिकडे ‘जंपिंग बीन’ म्हणतात. प्लास्टिकच्या बीने नाव तिथून उचललं. फरक एवढाच की त्या बीत जीव असतो, म्हणून ती सपाट जमिनीवरही हलते. आपल्या बीला उतार लागतो.

मेलेली बी

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने एक बी वेगळी काढली. चेहरा अंतराळवीराचा. “ही मेलेली आहे,” तो म्हणाला. हात तिरका केला की ती नुसती घसरायची. कानाशी धरून हलवली तर आवाज नाही. बाकीच्या सगळ्या खुळखुळत होत्या.

मी म्हटलं, “उघडून बघू या?”

तो एकदम डबा जवळ घेऊन बसला. उघडली तर ती मोजणीतून जाणार. अंतराळवीर त्याच्याकडे एकच होता, म्हणजे वीसाचे एकोणीस होणार. मी जबरदस्ती केली नाही. आधी पाच पोलिसांतला एक उघडू, असं ठरलं. कवच दोन अर्ध्यांचं असतं, मधोमध जोड. जोडावर जुन्या सुरीची बोथट बाजू ठेवून हलकेच पिळलं आणि टक् करून ते सुटलं. आतून एक चकचकीत गोळी निघाली आणि सोफ्याखाली गेली. ती शोधण्यात अर्धा तास.

गोळी एक सेंटीमीटर व्यासाची होती. आईच्या स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर चार ग्रॅम भरली. कवचाचे दोन्ही अर्धे मिळून दोन ग्रॅम. म्हणजे सगळ्या बीचं दोन तृतीयांश वजन त्या मोकळ्या गोळीत. भाच्याने रिकामं कवच पुन्हा बंद करून उतारावर ठेवलं. ते अंतराळवीरासारखंच नुसतं घसरलं.

“म्हणजे अंतराळवीरात गोळीच नाहीये?”

काट्यावर तो सहा ग्रॅम भरला. गोळी होती. मग आवाज का येत नाही? आता तो स्वतःच म्हणाला, “उघड.”

उघडल्यावर दिसलं की जोड चिकटवताना वापरलेला गोंद आत ओघळला होता आणि गोळी एका टोकाला त्यात रुतून बसली होती. वजन तेवढंच, गोळी तीच. फक्त तिला हलता येत नव्हतं. टाचणीने गोंद खरवडला, गोळी सोडवली, कवच बंद करून मधोमध चिकटपट्टीचा एक वेढा दिला. अंतराळवीर पोळपाटावरून कोलांट्या घेत खाली उतरला. भाच्याने आजीला, आईला आणि शेजारच्या काकूंना बोलावून आणलं.

नेमकं होतं काय?

डोळ्यांनी बघताना सगळं फार पटकन होतं. आम्ही फोनवर संथगतीने चित्रण केलं, तेव्हा पायऱ्या नीट दिसल्या.

एक: बी उतारावर लांबीच्या दिशेने आडवी ठेवली. गोळी वरच्या टोकाला आहे. हात सोडला की गोळी आतून खालच्या टोकाकडे घरंगळते. कवच जवळजवळ जागेवरच असतं.

दोन: गोळी खालच्या टोकावर आपटते. तो ‘टक्’ आवाज याचा. गोळीला पुढेच जायचं आहे, पण समोर कवचाची भिंत आहे. ती भिंत गोल असल्यामुळे जमिनीवर पुढे वळते आणि गोळीच्या रेट्याने कवचाचं मागचं, हलकं टोक वर उचललं जातं.

तीन: कवच गोळीभोवती फिरतं, क्षणभर उभं राहतं आणि पलीकडे पडतं.

चार: आता बघा, गोळी कुठे आहे? ती फारशी हलली नाही, कवचच तिच्यावरून उलटून पुढे गेलं. त्यामुळे जे टोक खाली होतं ते आता वर आलं, आणि गोळी पुन्हा वरच्या टोकाला आहे. समोर पुन्हा घरंगळायला मोकळी जागा. मग परत पहिल्यापासून.

आपल्याला बी कोलांट्या मारताना दिसते. आतून पाहिलं तर एक जड गोळी सरळ उतारावरून खाली चालली आहे आणि जाताना आपलं घर उलटंपालटं करत बरोबर नेते आहे.

ऊर्जा कुठून येते हा भाच्याचा मूळ प्रश्न. उत्तर त्याच्या हातातच होतं. बी उचलून उताराच्या माथ्यावर ठेवली तेव्हा त्याने तिला उंची दिली. उतरताना तीच खर्च होते. प्रत्येक कोलांटीत कवचाला आडव्याचं उभं करावं लागतं. इंचभर लांबीच्या बीत कवचाचा मध्य त्यासाठी अर्धा सेंटीमीटर वर जातो. ते दोन ग्रॅमचं कवच उचलायचं काम चार ग्रॅमची गोळी करते. गोळी हलकी किंवा कवच जड असेल तर गाडी उभी राहण्यापूर्वीच मागे पडते.

साधी गोटी त्याच उतारावर सोडली तर ती वेग घेत जाते. बीचं तसं होत नाही. प्रत्येक टक्करीत थोडी ऊर्जा आवाजात आणि घर्षणात जाते, म्हणून ती एका चालीने, पावलं मोजत असल्यासारखी उतरते. तिच्यात जीव असल्याचा भास होतो तो बराचसा या चालीमुळे.

पृष्ठभागालाही महत्त्व आहे. टीपॉयच्या काचेवर बी उलटायच्या ऐवजी घसरली, कारण पुढच्या टोकाला पकडच मिळाली नाही. सतरंजी टाकलेल्या पाटावर मस्त चालली. उतार फार कमी केला तर गोळी पोचायची पण उलटवण्याइतका जोर उरायचा नाही. फार वाढवला तर सगळी बीच गडगडत खाली. मधला उतार हाताने शोधावा लागतो. भाच्याने पाटाखाली एकेक वही सरकवत तो शोधला आणि वह्यांची संख्या भिंतीवर लिहून ठेवली. ताईने ते पाहिलं, पण या वेळी काही बोलली नाही.

रुतलेली गोळी जिथे गुण ठरते

अंतराळवीराच्या निमित्ताने मला तंजावरची बाहुली आठवली. ज्या शहरावर १६७६ पासून १८५५ पर्यंत मराठ्यांचं राज्य होतं आणि जिथली मराठी घरं अजून आपली जुनी मराठी बोलतात, तिथे मातीची किंवा कागदाच्या लगद्याची ही बाहुली बनते. तिचं बूड अर्ध्या नारळासारखं गोल आणि जड. कितीही आडवी पाडा, डुलत डुलत उभी राहते. जपानमध्ये डोळे मोठे केलेला दारुमा असतो, तोही असाच पडून उठतो.

तिथेही सगळी करामत जड बुडाची आहे, पण ते वजन पक्कं बसवलेलं असतं. बाहुली कलली की तिचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलं आहे असं मानता येईल तो बिंदू, किंचित वर उचलला जातो. तो पुन्हा खाली जाऊ पाहतो, म्हणून बाहुली सरळ होते. हे साधायचं तर तो बिंदू बुडाच्या गोलाच्या केंद्राखाली असावा लागतो. तिच्यातलं वजन सुटं झालं तर बाहुली बिघडली. आपल्या बीत वजन रुतलं तर बी बिघडली. गोळी एकच, एकीला पक्की हवी, दुसरीला मोकळी.

या दोहोंच्या मधला एक जुना चिनी खेळणा-प्रकार अठराव्या शतकात युरोपच्या विज्ञानग्रंथांत पोचला होता. हॉलंडचे पीटर व्हान मुशेनब्रोक, ज्यांचं नाव लायडनच्या विद्युत-बरणीमुळे शाळेत येतं, त्यांनी त्याचं वर्णन केलं आहे. एक लहान कसरतपटू बाहुला जिन्याच्या पायऱ्यांवरून कोलांट्या घेत उतरतो. त्याच्या पोटातल्या नळीत गोळीऐवजी पारा असे. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड आणि द्रव, त्यामुळे तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहत जाई आणि बाहुला त्याच्यामागे उलटे. तत्त्व आपल्या बीचंच. पारा विषारी आहे हे आज आपल्याला पक्कं माहीत आहे, म्हणून तो खेळ पुस्तकातच राहू द्यावा.

चारच तर राहिलीत

आता निवाड्याकडे. आईचा हिशेब सरळ होता: चार बिया, चार पाकिटं, एकशे वीस रुपये. मी लॅपटॉपवर एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. पण आठ वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आजीला स्क्रीनवरचा आकडा पटत नाही. म्हणून मी डब्यात चोवीस चिठ्ठ्या टाकल्या, एक ते चोवीस आकडे लिहून. एकवीस ते चोवीस या हव्या असलेल्या चार. एक चिठ्ठी काढायची, आकडा लिहायचा, परत डब्यात टाकून हलवायचं. चिठ्ठी परत टाकायची कारण कारखान्यात बिया संपत नाहीत. चारही आकडे किती चिठ्ठ्यांत येतात ते बघायचं.

पहिला हवा असलेला आकडा पाचव्या चिठ्ठीला आला. आई जिंकल्यासारखी हसली. दुसरा चौदाव्या चिठ्ठीला, तिसरा तिसाव्या. चौथा येईना. पन्नास झाल्या. अठ्ठावन्नाव्या चिठ्ठीला तेवीस आकडा आला तेव्हा आई चहा टाकायला उठून गेली होती.

अठ्ठावन्न हे आमचं नशीब. सरासरी किती? सगळ्या बिया सारख्याच प्रमाणात भरल्या आहेत असं धरलं, तर पहिली हवी असलेली बी मिळायला सरासरी चोवीस भागिले चार, म्हणजे सहा पाकिटं. ती मिळाल्यावर तीन उरतात, चोवीस भागिले तीन, आठ पाकिटं. मग बारा. शेवटच्या एका बीसाठी चोवीस. एकूण पन्नास पाकिटं, दीड हजार रुपये. त्यातले सातशे वीस रुपये एकट्या शेवटच्या बीचे.

पूर्ण संच शून्यापासून जमवायचा तर सरासरी एक्क्याण्णव पाकिटं लागतात. गंमत म्हणजे त्यातल्या पहिल्या बारा वेगळ्या बिया साधारण सोळा पाकिटांत मिळून जातात. उरलेल्या बारांना पंचाहत्तर पाकिटं लागतात. सुरुवातीला प्रत्येक पाकीट नवं काही देतं, म्हणून वाटतं की आता झालंच. आणि ‘झालंच’ वाटायला लागतं तेव्हा खर्च निम्माही झालेला नसतो. भाच्याच्या वीस बियांना एक्केचाळीस पाकिटं लागली होती. माझ्या हिशेबातही नेमकी तेवढीच येत होती. म्हणजे त्याचं नशीब वाईट नव्हतं, खेळच तसा आहे. आणि एखादी बी ‘दुर्मीळ’ म्हणून मुद्दाम कमी भरली असेल, तर हे सगळे आकडे आणखी वाढतात.

मी भाच्याला विचारलं, “मग काय करायचं?” तो तक्त्याकडे बघत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “माझ्याकडे एकवीस जास्तीच्या आहेत. कुणाकडे तरी माझ्या चार असतील ना?”

प्रोग्रॅम लिहून मी जे सांगणार होतो ते त्याने चिठ्ठ्यांवरून काढलं. जास्तीच्या बिया वाया गेलेल्या नाहीत, त्या दुसऱ्याच्या रिकाम्या चौकटी आहेत. चार मुलांनी अदलाबदल केली तर प्रत्येकाला लागणारी पाकिटं पुष्कळच कमी होतात.

घरी करून बघा

तरीही मला वाटतं, एक बी स्वतः केली की जमवण्याची ओढ आपोआप जागेवर येते. साहित्य घरात असतं: काचेची एक गोटी, पोळ्या गुंडाळायची फॉइल, मार्करपेन आणि झाकणाचा लहान डबा.

फॉइलची साधारण सहा सेंटीमीटर रुंद आणि पंधरा सेंटीमीटर लांब पट्टी कापा. ती मार्करभोवती गुंडाळून नळी करा. नळी गोटीपेक्षा किंचित सैल हवी, म्हणजे गोटी आत अडता कामा नये. मार्कर काढा, गोटी आत सोडा, दोन्ही टोकं हलकेच आत दुमडा. फार घट्ट दाबू नका. ही ओबडधोबड गुंडाळी डब्यात टाका, झाकण लावा आणि मिनिटभर जोरात हलवा. आतून गोटी आपटत राहते आणि टोकांना स्वतःच गोलाई देते. डबा उघडलात की आतून एक गुळगुळीत चांदीची कॅप्सूल निघते. सतरंजी घातलेल्या पाटावर तिला सोडा.

आमची पहिली दोन फसली. पहिली फार लांब झाली. गोटी टोकावर आपटायची पण एवढं लांब शेपूट तिला उचलता येईना. दुसरी फार आखूड, ती नुसती गोटीसारखी घरंगळली. गोटीच्या दुपटीच्या आसपास लांबी ठेवली तेव्हा जमलं. अशा टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांची आवड लागली तर पुण्याच्या ‘आयुका’तल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं काम केलेल्या अरविंद गुप्ता यांची पुस्तकं आणि चित्रफिती जरूर बघा. त्यांचा बराच खजिना मराठीतही फुकट उपलब्ध आहे.

एक गोष्ट मात्र काळजीची. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर ना बी, ना गोटी. खेळण्यांच्या तपासणीत एक ठरावीक नळकांडं वापरतात, सुमारे सव्वा इंच व्यासाचं. जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते, असं धरतात. भाच्याची बी त्यात सहज मावेल, आतली गोळी तर नक्कीच. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते पाकिटावर शोधा. भाच्याच्या पाकिटांवर ते नव्हतं, हे आमच्याही लक्षात तेव्हाच आलं. आणि गोळी लोखंडी वस्तूला चिकटत नाही ना, हे बघून घ्या. चिकटली तर ते चुंबक आहे, आणि पोटात गेलेली दोन चुंबकं आतड्याला इजा करतात.

पुढे काय झालं

आजीने पाकिटं आणली नाहीत. ताईने त्याला आमच्या सोसायटीतल्या मुलांमध्ये डबा घेऊन जायची परवानगी दिली. दोन संध्याकाळींत भाच्याला चारांपैकी दोन मिळाल्या, तीन पोलीस आणि एक शेफ देऊन. जादूगार आणि सिंह काही मिळाले नाहीत. निघायच्या दिवशी तक्त्यावर बावीस खुणा होत्या.

स्टेशनवर गाडी लागायला वेळ होता. भाच्याने डबा उघडला आणि बाकावर सांडशीसारखी वही तिरकी धरून एक बी सोडली. मला वाटलं नव्या मिळालेल्या दोघांपैकी एखादी असेल. ती पोटाला चिकटपट्टी बांधलेला अंतराळवीर होती. शेजारच्या बाकावरचा एक मुलगा जवळ येऊन उभा राहिला.

“ह्यात सेल नाहीये,” भाचा त्याला म्हणाला. “आत काय आहे सांगू?”